अमराठी लोकांचं मराठी लिखाण कॉम्प्युटरने तपासायचंय, नक्की काय मोजावं?

सांजवर्ग

नमस्कार मंडळी. मी संध्याकाळी अमराठी नोकरदारांना मराठी शिकवते. बाणेर, हिंजवडी, वाकडकडचे लोक, बहुतेक आयटीतले, थोडे बँकेतले. कोणी कन्नड, कोणी तमिळ, कोणी बंगाली, आणि हिंदी पट्ट्यातले तर भरपूर. दर पंधरवड्याला मी त्यांच्याकडून वहीत एक पान लिहून घेते, तर आता त्या वह्यांचा चांगला गठ्ठा साठलाय. एकेकाची वही तपासताना तो माणूस कुठे अडतोय ते मला कळतं, पण सगळ्यांचं मिळून काय चित्र आहे ते काही दिसत नाही. कन्नडवाले आणि हिंदीवाले एकाच जागी अडखळतात की वेगवेगळ्या? मी एखादा धडा आधी घेतला तर फरक पडतो का? हे शोधायचंय आणि माझी खरंच मनापासून इच्छा आहे की हे नीट व्हावं, कारण मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवायचं साहित्य आपल्याकडे फार अंदाजपंचे बनतं.

इंग्रजीत या कामाला बरीच वर्षं झालीत. बेल्जियममधल्या लूवाँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रँजर यांनी १९९० मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांचे निबंध गोळा करायला सुरुवात केली, त्यातून इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ लर्नर इंग्लिश हा लेखनाचा संग्रह (कॉर्पस) उभा राहिला. २०१० मध्ये शाओफेई लू यांनी वाक्यरचना किती गुंतागुंतीची आहे ते मोजणारं टूल आणलं, त्यात १४ मापं आहेत. असलं काही मराठीला लावता येईल का? मी थोडी पानं टाईप करून घेतली आणि एकूण शब्दांत वेगळे शब्द किती, हे गुणोत्तर काढून पाहिलं, तर अगदी नवख्या माणसाचा आकडा वर्षभर येणाऱ्या बाईंपेक्षा जास्त! त्या बाई उत्तम लिहितात. जाणकारांनी कृपया सांगावं.

रेषाक्षर

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

ताई, तुमच्या आकड्याचं कारण सोपं आहे. नवख्याने चार ओळी लिहिल्या असणार आणि बाईंनी पानभर. मजकूर जेवढा लांब तेवढे 'आहे', 'आणि', 'मी', 'पण' पुन्हा पुन्हा येणार आणि ते गुणोत्तर आपोआप खाली जाणार, लिहिणारा कितीही चांगला असो. म्हणून हल्ली एमटीएलडी नावाचं माप वापरतात, मॅकार्थी आणि जार्विस यांचा त्यावरचा पेपर २०१० चा आहे. त्यात मजकूर वाचत वाचत जायचं, गुणोत्तर ०.७२ च्या खाली घसरलं की एक तुकडा संपला असं धरायचं आणि असा एक तुकडा सरासरी किती शब्द टिकतो ते बघायचं. लांबीचा परिणाम बराच कमी होतो. पण चार ओळींच्या मजकुराला तेही लावू नका, निदान शंभरेक शब्द तरी हवेत.

आता त्याच्या आधीची गोष्ट. शब्द कसे मोजलेत? पायथनमध्ये साधा रेजेक्स (अक्षरं शोधायचा नमुना) लावून शब्द तोडले असतील तर सगळंच पुन्हा करावं लागेल. त्यातला जो 'अक्षर' ओळखणारा नेहमीचा पॅटर्न आहे तो काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे 'मराठी' या एका शब्दाचे तो 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे करतो. एरर येत नाही, प्रोग्राम शांतपणे चालतो आणि आकडे देतो. युनिकोडमधली (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीतली) देवनागरीची रेंज देऊन सलग अक्षरं पकडा, त्यातून दंड आणि अंक तेवढे वगळा.

दुसरं म्हणजे दिसायला सारखे पण आत वेगळे असलेले शब्द. 'साताऱ्याहून' घ्या. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून टाईप करतं, कोणी र ला हलन्त देऊन पुढे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं कॅरॅक्टर टाकतं. स्क्रीनवर दोन्ही एकच दिसतात, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. 'ॲप' चंही तेच, एकात ॲ हे एकच अक्षर, दुसऱ्यात अ वर चंद्र. ॲ ला स्वतंत्र जागा युनिकोड ५.१ मध्ये मिळाली, २००८ साली, त्यामुळे दोन्ही पद्धती चालू राहिल्या. नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे टाईप झालेली अक्षरं एका रूपात आणणं) हे दोन 'ॲप' एक करत नाही, स्वतः बदलून घ्यावे लागतात. तुमच्याकडे दोन जणांनी टाईप केलं असेल तर हा घोळ आहेच म्हणून समजा.

सांजवर्ग

बापरे. हो, दोघींनी टाईप केलंय, एकीने फोनवर आणि एकीने लॅपटॉपवर. आधी हे साफ करते.

खडूफळा

मी ३० वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त. कॉम्प्युटरचं मला फार कळत नाही, पण इंग्रजीची मापं आणाल त्याआधी मराठी वाक्य कसं वाढतं ते बघा एवढंच सांगायचंय. 'मी सकाळी उठून, आंघोळ करून, डबा घेऊन, बस पकडून ऑफिसला गेलो.' यात पूर्ण क्रियापद एकच आहे, 'गेलो'. इंग्रजीत हेच चार-पाच वाक्यं जोडून लिहितील. तुमचं यंत्र पूर्ण क्रियापदं मोजणार आणि म्हणणार की हे एकच साधं वाक्य. पण नवशिक्याला 'उठून, करून, घेऊन' अशी साखळी लावता येणं ही मोठी पायरी असते! तो आधी 'मी उठलो. मी आंघोळ केली. मी डबा घेतला.' असं तुटक लिहितो.

आणि दुसऱ्या बाजूने, वाक्य लांब झालं म्हणजे सुधारलं असंही नाही. 'आणि' 'आणि' लावून दहा ओळींचं वाक्य कोणीही लिहितं. 'जो', 'जेव्हा', 'म्हणून', 'तरी' ही वळणं आली का ते पाहावं.

रेषाक्षर

+१. काका, फार महत्त्वाचा मुद्दा. या मापांत टी-युनिट नावाचं एकक असतं, एक मुख्य वाक्य आणि त्याला लटकलेली गौण वाक्यं. केलॉग हंट यांनी १९६५ मध्ये अमेरिकन शाळकरी मुलांच्या लेखनासाठी ते वापरलं, ते इंग्रजीवर बेतलेलं आहे. आपल्याकडे 'ऊन'वाली रूपं वेगळी मोजावीच लागतील.

फक्त ती शोधताना शेवटी 'ऊन' किंवा 'ून' आहे असा फिल्टर लावून भागत नाही. मी आत्ता एका बातमीवर लावून पाहिला तर 'करून', 'जाऊन' सोबत 'घरातून', 'पुण्याहून', 'पासून', 'म्हणून', 'आतून' असले सगळे सापडले. 'तून' आणि 'हून' वर संपणारे सरसकट काढावेत तर 'सांगितलेलं ऐकून' मधलं 'ऐकून' वाचतं, 'जिंकून हातून निसटलं' मधलं 'हातून' जातं, ते जायलाच हवं, पण 'चिंतून', 'गुंतून', 'राहून', 'पाहून', 'लिहून' पण जातात आणि ती खरी क्रियापदं आहेत. म्हणजे क्रियापदांची यादी जवळ ठेवावीच लागते. तुमच्या वर्गातले लोक वापरतील अशी क्रियापदं काही हजारो नसणार, एक संध्याकाळ बसून हाताने यादी होईल.

पर्वतीपायथा

एवढा खटाटोप कशाला, सगळी पानं चॅटजीपीटीला द्या आणि चुका शोधून दे म्हणा. दोन मिनिटांचं काम.

नदीपात्र

पर्वतीपायथा, मी भाषाशास्त्रात एमए करतेय आणि हे करून पाहिलंय म्हणून लिहिते. मदत होते, पहिली चाळणी म्हणून जरूर वापरा. पण अडचण ही की ते चूक दुरुस्त करता करता वाक्यच छान करून टाकतं. 'मी काल नवीन गाडी घेतलो' याची आपल्याला हवी असलेली दुरुस्ती फक्त 'घेतली' एवढी आहे. ते 'काल मी एक नवीकोरी गाडी खरेदी केली' असं देतं, मग त्यात शिकणाऱ्याची चूक किती आणि यंत्राची आवड किती ते वेगळं करता येत नाही. शिवाय तेच वाक्य पुन्हा दिलं तर दुसरंच उत्तर येऊ शकतं. मोजायचं काम असेल तर पट्टी रोज बदलून चालत नाही.

आणि दुसरी भाषा लिहिणाऱ्यांच्या बाबतीत यंत्राच्या निकालावर विसंबणं किती घातक ठरू शकतं याचं एक उदाहरण आहे. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२३ मध्ये एआयने लिहिलेलं ओळखणारी सात डिटेक्टर तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त निबंध 'यंत्राने लिहिलेत' असं सांगितलं गेलं, म्हणजे माणसांनी लिहिलेले! कारण शब्दसंपदा मर्यादित, वाक्यं सरळ, त्यामुळे पुढचा शब्द ओळखायला सोपा, आणि डिटेक्टर नेमकं तेच बघत होती. आपण जे मोजतो त्याच्या मागे काय आहे हे कळलं नाही तर माणसावर अन्याय होतो, मग तो साधा वर्ग का असेना.

पर्वतीपायथा

पटलं. हे ९१ निबंधांचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

फेज३_वाला

नमस्कार सगळ्यांना. माझा मातृभाषा कन्नड आहे, मी मराठी शिकतो आहे म्हणून हे धागा वाचलो. मला एक गोष्ट सांगायचं आहे. मला 'पत्र लिहिला, लिहिली, लिहिलं' यातलं काय येणार ते लवकर समजत नाही. कन्नडमध्ये खुर्ची, टेबल, पत्र सगळं एकच प्रकारचं असतं, स्त्री पुरुष फक्त माणसाला. म्हणून मी वहीमध्ये काल काय केलं ते लिहितच नाही. 'मी रोज करतो' किंवा 'मी उद्या करणार आहे' असं लिहितो. टीचरने लाल खूण कमी केल्या तर मी सुधारलो असं वाटेल पण खरं तर मी ते टाळलो.

आणि फोनवर लिहितो तेव्हा कीबोर्डच शब्द देतो, म्हणून इथे माझ्या र्‍हस्व दीर्घ बरोबर दिसतील, वहीमध्ये नसतात.

नदीपात्र

दादा, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद तुमचा आहे, मनापासून सांगते.

तुम्ही जे म्हणताय ते जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी आणि जपानी लोकांच्या निबंधात 'जो-तो' पद्धतीच्या वाक्यांच्या चुका अरबी आणि फारसी लोकांपेक्षा कमी निघाल्या. म्हणजे चिनी-जपानी लोकांना ते चांगलं येत होतं का? नाही, त्यांनी ती वाक्यं मुळात फारच कमी लिहिली होती.

तर सांजवर्ग ताई, माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर चुका मोजू नका, संधी मोजा. शंभर शब्दांत चुका किती हा आकडा फसवा आहे. 'सकर्मक भूतकाळ लिहायची वेळ किती वेळा आली आणि त्यातल्या किती वेळा तो बरोबर लिहिला' असे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. पहिला आकडाच शून्याजवळ असेल तर माणूस टाळतोय हे लगेच दिसेल. आणि विषयही असा द्या की टाळता येणार नाही, 'माझी दिनचर्या' नको, 'गेल्या रविवारी मी काय केलं' द्या, आणि सगळ्यांना तोच विषय द्या, नाहीतर तुलनाच होत नाही.

सामान्यरूपाचंही, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलतो त्याचंही, असंच. वर्गातले लोक 'हिंजवडीत', 'खराडीत', 'दिल्लीला', 'नदीत' असं लिहितात ते बरोबर येतं, पण तिथे शब्द बदलतच नाही, त्यामुळे ते बरोबर येण्यात विशेष काही नाही. खरी परीक्षा 'पुण्यात', 'पाण्यात', 'रस्त्यावर', 'शाळेला', 'साताऱ्याहून' इथे होते. न बदलणारे शब्द बरोबरच्या खात्यात धरले तर हिंजवडीत राहणारा माणूस उगीचच हुशार ठरेल. ते संधीत धरूच नका.

इथेच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळायची शक्यता आहे. हिंदीवाल्यांकडे 'रास्ता'चं 'रास्ते पर' होतं, त्यामुळे शब्द बदलायचा असतो हे त्यांना माहीत असतं पण बदल चुकीचा करतात, 'रस्तेवर' लिहितात. ज्याच्या भाषेत हे नाहीच तो 'रस्तावर' किंवा 'रस्ता वर' लिहील. दोन्हीला नुसतं 'चूक' म्हटलं तर फरक पुसला जाईल. तसंच हिंदीतल्या 'मैंने'मुळे 'मीने पत्र लिहिलं' येतं, त्यात शेवटचं क्रियापद बरोबर असतं! आणि हिंदीत नपुंसकलिंग नाही म्हणून 'माझा घर'. नुसती चूक न नोंदवता त्याने नेमकं काय लिहिलं ते जसंच्या तसं ठेवा.

सांजवर्ग

'रस्तेवर' आणि 'रस्तावर'! दोन्ही माझ्या वह्यांत ढिगाने आहेत आणि मी दोन्हीवर एकच लाल गोल काढत आलेय. आता हे वेगळं लिहिणार.

एक शंका. 'मी' कर्ता असेल आणि सकर्मक भूतकाळाला शेवटी 'लो' आला की चूक, असा नियम रेषाक्षर यांना लिहिता येईल का? म्हणजे ते तरी आपोआप सापडेल.

खडूफळा

नाही हो, तसा नियम लावू नका. 'मी मराठी शिकलो', 'मी तुझं नाव विसरलो', 'मी चहा प्यायलो', 'मी पोटभर जेवलो' ही सगळी शुद्ध आहेत. शिकणे, विसरणे, पिणे, जेवणे, बोलणे या क्रियापदांना कर्म असलं तरी क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. तुमचं यंत्र बरोबर लिहिणाऱ्याला चूक म्हणेल.

नदीपात्र

काकांशी सहमत. आणि अजून एक बाजू आहे. सोलापूरकडे, सीमाभागात 'मी काम केलो' हे घरात मराठीच बोलणाऱ्यांच्या तोंडीही ऐकू येतं. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मिळून बोलींचं सर्वेक्षण केलंय, ते ऑनलाइन बघायला मिळतं, त्यात अशा रूपांचं वैविध्य दिसतं. तुमचा कोणी कन्नड विद्यार्थी सोलापुरात चार वर्षं नोकरी करून आला असेल तर त्याने ते रूप चुकून लिहिलेलं नाही, तो ते ऐकून शिकलाय. म्हणून प्रत्येकाची मातृभाषा लिहितानाच आधी महाराष्ट्रात कुठे राहिलाय, घरी-ऑफिसात मराठी कोणाशी बोलतो हेही विचारून ठेवा. आणि 'माझं घर' आणि 'माझे घर' दोन्ही बरोबर धरा, एक बोलण्यातलं आणि एक छापील. त्यात पुन्हा 'माझे मित्र' मधलं 'माझे' वेगळं, ते अनेकवचन.

रेषाक्षर

यामुळेच पार्सरवर, म्हणजे वाक्याचं व्याकरण आपोआप ओळखणाऱ्या प्रोग्रामवर, फार भिस्त ठेवू नका असं मी म्हणणार होतो. स्टॅन्झा आणि यूडीपाइप दोन्हींत मराठीचं मॉडेल मिळतं, पण ते ज्या युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या व्याकरण नोंदवलेल्या वाक्यांच्या मराठी संचावर शिकवलंय त्यात ५०० पेक्षाही कमी वाक्यं आहेत, कथांमधली. तेवढ्यावर शिकलेल्याला 'रस्तेवर' दिलं की तो काहीतरी ठोकून देतो. मी नुकताच 'माझा घर' दिला तर त्याने दोन्ही शब्द पुल्लिंगी ठरवले, म्हणजे चूक होती तेच त्याने नियम समजून घेतलं.

शब्द किती अवघड वापरलेत ते बघायचं असेल तर आपल्या पुण्यातल्याच एल३क्यूब या गटाचा महाकॉर्पस आहे, सुमारे २८.९ कोटी शब्दांचा, त्यातून वारंवारतेची यादी काढता येते. फक्त त्यात मोठा भाग बातम्यांचा आहे. त्यामुळे 'मुख्यमंत्री', 'गुन्हा', 'रुपये' हे शब्द नेहमीचे ठरतात आणि 'चमचा', 'उशी', 'कढई' दुर्मिळ. स्वयंपाकाबद्दल चार सोपी वाक्यं लिहिणारा माणूस त्या हिशोबाने फार वरच्या पातळीचा दिसेल. मी असतो तर तुमच्या कामात हे माप सध्या बाजूलाच ठेवलं असतं.

आणि एक पानभर मजकुरात घर, घरी, घरात, घराला, घरातून हे पाच वेगळे शब्द मोजायचे की एक, तेही आधी ठरवा. हिंदीत 'घर में', 'घर से' असं सुटं लिहितात म्हणून तिथे 'घर' एकच राहतो. मराठीचा आकडा हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या आकड्याशेजारी ठेवू नका, त्यातून काही कळत नाही.

सांजवर्ग

मग नक्की कसं मांडू? एक्सेलमध्येच करायचं म्हणते.

नदीपात्र

एक्सेल पुरेसं आहे. प्रागला चेक शिकणाऱ्यांच्या लेखनाचा एक कॉर्पस केलाय, चेझल म्हणतात त्याला, आणि चेकमध्येही विभक्त्यांचा पसारा भरपूर आहे म्हणून ती पद्धत मराठीला इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. ते तीन थर ठेवतात. पहिल्यात लिहिलं तसं. दुसऱ्यात जो शब्द भाषेत मुळात नाहीच तेवढा दुरुस्त करतात. तिसऱ्यात वाक्य जुळतं का ते बघतात. 'मुलगी रस्तेवर आंबा खाल्ली' घ्या. दुसऱ्या थरात फक्त 'रस्त्यावर' होईल, कारण बाकीचे शब्द एकेकटे बरोबरच आहेत. तिसऱ्यात 'मुलीने रस्त्यावर आंबा खाल्ला'. कमीत कमी बदल करायचा, वाक्य सुंदर करायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा, कारण शिक्षकाचा हात राहत नाही.

टाईप करणाऱ्या दोघींनाही बजावून सांगा. आपण मराठी माणसं 'पुणे मध्ये' वाचून नकळत 'पुण्यामध्ये' टाईप करतो, आणि फोनचा कीबोर्ड तर करतोच. सजेशन बंद करून टाईप करायला सांगा, आणि थोड्या पानांचे फोटो काढून तिसऱ्या कोणीतरी ताडून बघा.

नावं काढून टाका, फक्त क्रमांक ठेवा, आणि विद्यार्थ्यांची लेखी परवानगी घ्या. वहीत लोक घरचं, ऑफिसचं, आजारपणाचं सगळं लिहितात.

फेज३_वाला

मी माझा वही देतो. परवानगी आहे. इतर कन्नड मित्रांना पण विचारतो.

सांजवर्ग

खूप आभार दादा. वही नक्की घेईन.

सध्या एवढं ठरवते की दोनच गोष्टी बघायच्या, शब्द बदलणारी सामान्यरूपं आणि सकर्मक भूतकाळ, दोन्हीत संधी किती आणि बरोबर किती, आणि चुकलं तिथे नेमकं काय लिहिलं. पुढच्या पंधरवड्यापासून सगळ्यांना एकच विषय. क्रियापदांची यादी मी आणि काकांनी मिळून करायची, काका चालेल ना? आणि टॅगिंग (प्रत्येक जागी संधी होती का, बरोबर की चूक ते नोंदवणं) माझ्याखेरीज अजून एकाने करायला हवं असं वाचलंय, नदीपात्र तुम्हाला जमेल का? माझी भरलेली फाइल पाठवते, त्यावरून बघून करा.

खडूफळा

चालेल काय, आवडेल. शिकणे-विसरणे गटापासून सुरुवात करतो.

नदीपात्र

करते, आनंदाने. फक्त तुमचे टॅग भरलेली फाइल पाठवू नका ताई, टॅगचे रकाने रिकामे करून पाठवा. तुमचं बघून केलं तर आपलं जुळणारच. दोघींनी स्वतंत्र केल्यावर किती जुळलं ते कोहेनच्या कॅपा नावाच्या मापाने काढू, योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढं ते वजा करतं. जिथे जुळलं नाही ती वाक्यं इथेच धाग्यावर टाका, नावं आणि खाजगी तपशील काढून, म्हणजे काका आणि बाकीचे पण बघतील.